जुना कॉम्प्युटर विकण्याआधी सीड्यांचा डबा उघडा

नवा कॉम्प्युटर घ्यायला निघालेली मंडळी एक प्रश्न हमखास विचारतात: यात डीव्हीडी रायटर नाही, चालेल का? चालेल. त्यावाचून घरातलं रोजचं एकही काम अडणार नाही. केवळ रायटर हवा म्हणून जास्त पैसे मोजू नका, जुनं मॉडेल शोधत दुकानं पालथी घालू नका. पण याच्या जोडीला आणखी एक प्रश्न आहे आणि तो फारसं कुणी विचारत नाही. कपाटात, माळ्यावर, टीव्हीखालच्या खणात ज्या सीड्या पडून आहेत, त्यांचं काय करणार? मला मुख्यतः त्याविषयी बोलायचं आहे, कारण त्या कामाला मुदत आहे.

पहिला प्रश्न आधी संपवू. ॲपलने २००८ साली मॅकबुक एअर आणला तेव्हा त्यात ड्राइव्ह नव्हता आणि पुष्कळांनी नाकं मुरडली होती. हळूहळू बाकीच्या कंपन्याही त्याच वाटेने गेल्या. आता नव्या लॅपटॉपमध्ये ड्राइव्ह क्वचितच सापडतो आणि डेस्कटॉपच्या बऱ्याच कॅबिनेटना तो बसवायची जागाच नसते. यात ग्राहकाची फसवणूक झालेली नाही. ड्राइव्हची कामं एकेक करून दुसरीकडे गेली. विंडोज टाकायला ८ जीबीचा पेन ड्राइव्ह पुरतो, आणि तो तयार करून देणारं साधन मायक्रोसॉफ्टच्या साइटवर फुकट मिळतं. प्रिंटरच्या खोक्यात अजूनही कधी सीडी निघते, पण त्यातलं सॉफ्टवेअर बहुधा जुनं झालेलं असतं. ते प्रिंटरच्या कंपनीच्याच साइटवरून घ्यावं. शोधल्यावर वर दिसणाऱ्या भलत्याच ‘फ्री ड्रायव्हर’वाल्या साइटवरून कधीही घेऊ नये. सिनेमे आणि गाणी नेटवर आली. मराठी विश्वकोशही आता संकेतस्थळावर मोफत वाचता येतो. तेव्हा मुंबईत लॅमिंग्टन रोडला असेंबल्ड मशीन करून घेत असाल तर रायटरचे पैसे वाचवा आणि एसएसडी किंवा रॅममध्ये घाला. तिथे ते रोज उपयोगी पडतील.

आता मुदतीचं. विंडोज १० चा आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि ठरावीक यादीतला प्रोसेसर लागतो, आणि अनेक घरांतली सात-आठ वर्षांहून जुनी यंत्रं त्यात बसत नाहीत. त्यामुळे घरोघरचे जुने कॉम्प्युटर बाहेर पडताहेत. कुणी एक्स्चेंजमध्ये देतं, कुणी भंगारात, कुणी गावच्या शाळेला. त्या यंत्राबरोबर घरातला एकुलता एक चालू ड्राइव्हही निघून जातो. सीड्या मात्र कपाटातच राहतात, त्यांना वाचणारं घरात काही उरत नाही.

म्हणून माझी पहिली विनंती अशी: जुना कॉम्प्युटर दाराबाहेर काढण्याआधी त्याच ड्राइव्हवर घरातल्या सगळ्या सीड्या उतरवून घ्या. आठवडाभर उशिरा विकला तर भावात फार फरक पडणार नाही.

मुदत ड्राइव्हचीच आहे असंही नाही; खुद्द तबकडीचीही आहे. कारखान्यातून छापून आलेली सिनेमाची डिस्क आणि फोटोवाल्याने ‘राइट’ करून दिलेली डिस्क या दोन वेगळ्या वस्तू आहेत. छापील डिस्कमध्ये माहिती प्लॅस्टिकमध्येच दाबून उमटवलेली असते आणि ती नीट ठेवली तर पुष्कळ टिकते. राइट केलेल्या डिस्कमध्ये सेंद्रिय रंगाचा एक पातळ थर असतो. लेझरने त्या थरावर खुणा केलेल्या असतात, त्या खुणा म्हणजेच तुमचा मजकूर. गॅलरीत वाळत घातलेला रंगीत कपडा विटतो तसा हा रंग उजेडाने आणि उष्णतेने विटत जातो. माळ्यावर, स्लॅबच्या लगेच खाली ठेवलेल्या डब्याने नागपूर-जळगावचे किती उन्हाळे सोसले असतील याचा विचार करा. कोकणातली दमट हवा चांदीसारख्या दिसणाऱ्या परावर्तक थराला त्रास देते. वीस वर्षांची डिस्क खडखडीत चालते आणि तिच्याच डब्यातली दुसरी उघडत नाही, असं सर्रास होतं. बाहेरून बघून काही कळत नाही. लावून बघणं हाच उपाय.

बहुतेकांना माहीत नसलेली गोष्ट म्हणजे सीडीची नाजूक बाजू वरची असते, जिच्यावर आपण नाव लिहितो ती. माहितीचा थर त्या बाजूला, लाखेच्या पातळ लेपाच्या लगेच खाली असतो. खालच्या चकचकीत बाजूला चरे पडले तर बहुधा निभावतं. वरून ओरखडा गेला तर त्या जागची माहितीच खरवडली जाते. डीव्हीडीत हा थर ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्यांमध्ये असतो, त्यामुळे ती या बाबतीत बरी. फोटोवाले नवरा-नवरीचा फोटो छापलेलं गोल स्टिकर हौसेने चिकटवून देत. ते आता सोलून काढायला जाऊ नका, सीडी असेल तर त्याबरोबर थरही उचकटून येऊ शकतो.

शिवाय या वस्तू बनवणारेही कमी होत चालले आहेत. नोएडाची मोझर बेअर ही एके काळी जगातल्या मोठ्या डिस्क-उत्पादकांपैकी एक. कोऱ्या सीडीवर हे नाव आपण सगळ्यांनी वाचलेलं आहे. स्वस्त सिनेमांच्या सीड्याही तिनेच घरोघर पोचवल्या. २०१८ साली ती दिवाळखोरीत निघाली. सोनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये कोऱ्या ब्लू-रे डिस्क बनवणं थांबवलं. यूएसबीला लावायचे बाहेरचे ड्राइव्ह आज दोन हजारांच्या आसपास सहज मिळतात. आणखी दहा वर्षांनीही ते असेच मिळतील या भरवशावर मी तरी राहणार नाही.

डब्यात असतं काय? साधारण २००० ते २०१५ या काळात आपल्याकडे लग्न, मुंज, बारसं, आजोबांचं सहस्रचंद्रदर्शन, शाळेचं स्नेहसंमेलन हे सगळं सीडी-डीव्हीडीवर आलं. त्याआधीच्या व्हीएचएस कॅसेटी होत्या, त्याही याच काळात स्टुडिओत नेऊन सीडीवर करून घेतल्या गेल्या. मूळ कॅसेटला बुरशी लागली, टाकून दिली. रोल धुवायला दिला की लॅबवाला प्रिंटबरोबर फोटोंची सीडी द्यायचा. फोटोग्राफरकडे दुसरी प्रत असेल असं धरून चालू नका. एवढी वर्षं गिऱ्हाइकांची शूटिंग जपून ठेवणारा स्टुडिओ विरळा. म्हणजे ज्या घरात आजीचा चालता-बोलता आवाज फक्त एका डिस्कवर आहे, तिथे ती डिस्क गेली की तो आवाज गेला. हे घाबरवण्यासाठी सांगत नाही. दोन-चार रविवारांत हे काम होतं, आणि आज ते होऊ शकतं.

सुरुवात घरच्या चित्रीकरणापासून करा, विकतच्या सिनेमांपासून नको. सिनेमा दुसरीकडे मिळेल. त्यातल्या त्यात मराठी नाटकांच्या सीड्या जपा, त्यातली काही नाटकं आता कुठेच बघायला मिळत नाहीत. विकतच्या डीव्हीडीवर बहुधा कॉपीला अटकाव करणारं कुलूप असतं आणि तिच्या प्रती काढून वाटणं कायद्याला धरून नाही. ती डिस्क ठेवा आणि बघण्यापुरती वापरा.

डिस्क लावल्यावर सिनेमा सुरू झाला नाही तर लगेच ‘खराब झाली’ म्हणून टाकू नका. २०१२ च्या विंडोज ८ पासून मायक्रोसॉफ्टने डीव्हीडी चालवायची सोय विंडोजमधून काढून टाकली. व्हीएलसी नावाचा फुकट प्लेअर टाका, तो डीव्हीडीही चालवतो आणि व्हीसीडीही. पुष्कळशा ‘खराब’ डिस्क इथेच बऱ्या होतात.

उतरवताना डिस्कच्या प्रकाराकडे लक्ष द्यावं लागतं. फोटोंची सीडी सोपी: सगळं निवडा, कॉपी करा, हार्ड डिस्कवर चिकटवा. लग्नाच्या डीव्हीडीत ‘व्हिडिओ टीएस’ नावाचा फोल्डर असतो. तो जसाच्या तसा पूर्ण घ्या. आतल्या छोट्या फायली बिनकामाच्या वाटल्या तरी गाळू नका, कुठला भाग कुठे आहे ते त्यांच्यात नोंदलेलं असतं. भरलेल्या डीव्हीडीत ४.७ जीबी मावतात, उतरवायला साधारण पंधरा-वीस मिनिटं धरा. मोबाइलवर बघण्यासाठी हँडब्रेक या मोफत सॉफ्टवेअरने एमपी४ करून घ्या, पण मूळ फोल्डर पुसू नका. व्हीसीडीत ‘एमपीईजीएव्ही’ नावाच्या फोल्डरमध्ये ‘डॅट’ शेपटीची एक मोठी फाइल असते, तीच तुमची फिल्म. साध्या कॉपीला ती अडली तर दुसऱ्या ड्राइव्हवर किंवा आयसोबस्टरसारख्या सॉफ्टवेअरने काढून बघा.

सगळ्यात जास्त लोक फसतात ते गाण्यांच्या सीडीला. अशी सीडी उघडली की ‘ट्रॅक ०१’, ‘ट्रॅक ०२’ अशा फायली दिसतात. माणूस त्या कॉपी करतो, काम सेकंदात संपतं आणि तो खूश होतो. प्रत्यक्षात त्या प्रत्येकी ४४ बाइटच्या नुसत्या खुणा असतात. गाणं सीडीतच राहिलेलं असतं. पुढे सीडी टाकून दिली की हातात काही उरत नाही. घरी ध्वनिमुद्रित केलेलं कीर्तन, आत्याच्या ओव्या, आजोबांची मुलाखत अशा रूपात असेल तर विंडोज मीडिया प्लेअरमधला ‘रिप’चा पर्याय वापरा. मग फाइल नुसती आकाराने मोजू नका, उघडून ऐका. हा नियम सगळ्याच डिस्कना लावा: उतरवल्यावर सुरुवात, मध्य आणि शेवट चालवून बघितल्याशिवाय काम झालं असं समजायचं नाही.

डिस्क अडकत असेल तर मऊ सुती कापडाने मध्यापासून कडेकडे, सरळ रेषेत पुसा. गोल गोल पुसायचं नाही. माहिती गोलाकारच लिहिलेली असते आणि त्या दिशेचा चरा जास्त नुकसान करतो. चिकट डाग असेल तर साधं पाणी आणि साबणाचा थेंब पुरे. टूथपेस्टचे प्रयोग टाळा. एका ड्राइव्हने न वाचलेली डिस्क दुसरा ड्राइव्ह पुष्कळदा वाचतो, म्हणून शेजाऱ्याच्या यंत्रावरही लावून बघा. पण तडा गेलेली डिस्क कधीही लावू नका, वेगाने फिरताना तिचे तुकडे होतात. बाहेरचा ड्राइव्ह मधेच बंद पडत असेल तर दोष बहुधा विजेचा असतो. तो हबला न लावता थेट कॉम्प्युटरला जोडा, दोन यूएसबी पिनांची वायर असेल तर दोन्ही लावा. आणि हँडीकॅमच्या आठ सेंटीमीटरच्या छोट्या डीव्हीड्या असतील तर ट्रेचा ड्राइव्ह घ्या, नुसत्या फटीतून डिस्क आत ओढणाऱ्या ड्राइव्हमध्ये त्या घालू नयेत. त्या कुठेच उघडत नसतील तर शूटिंगनंतर ‘फायनलाइज’ करायच्या राहिल्या असण्याची शक्यता मोठी. तो हँडीकॅम घरात असेल तर त्याच्यातच ते करता येतं.

आता दवाखान्याच्या सीडीविषयी. घरी ड्राइव्ह हवा की नको या प्रश्नात आजही जीव उरला आहे तो इथे. एमआरआय किंवा सीटी स्कॅन केला की फिल्म आणि रिपोर्टबरोबर सीडी हातात ठेवण्याची पद्धत अजून पुष्कळ ठिकाणी आहे. त्या सीडीला कमी लेखू नका. फिल्मवर निवडक चित्रं असतात, सीडीवर स्कॅनचे सगळे छेद डायकॉम या प्रकारात असतात. दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यायचं असतं, किंवा सांगली-लातूरहून पेशंटला मुंबईला न्यायचं असतं, तेव्हा मोठ्या रुग्णालयातला तज्ज्ञ सीडीच मागतो. सहा महिन्यांनी दुसरा स्कॅन झाला की गाठ वाढली की कमी झाली हे ठरवायला जुनी चित्रं लागतात. सीडी हरवली किंवा चालली नाही तर पेशंटला पुन्हा स्कॅन करायला लागू शकतो. त्याचा खर्च, वेळ आणि सीटी असेल तर पुन्हा क्ष-किरणांचा मारा, हे सगळं त्या माणसाच्या वाट्याला येतं.

म्हणून सीडी मिळाल्याच्या आठवड्यातच तिची प्रत करा. एकेक चित्र निवडत बसू नका, संपूर्ण सीडी एका फोल्डरमध्ये घ्या. त्यात ‘डायकॉमडिर’ नावाची फाइल असते. ती अनुक्रमणिका आहे, ती मागे राहिली तर चित्रं जुळवायला त्रास होतो. फोल्डरला पेशंटचं नाव, तपासणी आणि तारीख द्या. मूळ सीडी फिल्मच्या पाकिटात राहू द्या. कारण कित्येक रुग्णालयं व्हायरसच्या धास्तीने बाहेरचा पेन ड्राइव्ह लावून घेत नाहीत. आणि पुढच्या वेळी स्कॅन सेंटरवर आधीच विचारा की लिंक मिळेल का. बऱ्याच ठिकाणी मिळते, मागितल्याशिवाय देत नाहीत एवढंच. लिंकला मुदत असेल तर त्याच दिवशी उतरवून घ्या. सेंटर चालवणाऱ्यांनाही माझं सांगणं आहे की सत्तरीच्या माणसाच्या हातात सीडी ठेवताना, घरी ती लावायला काही आहे का, एवढं विचारा.

कोर्टकचेरीतली सीडी हा वेगळा विषय. सीसीटीव्हीचं चित्रण किंवा ध्वनिमुद्रण पुरावा म्हणून डिस्कवर दिलं-घेतलं जातं. केरळच्या एका निवडणूक याचिकेत अशाच सीड्यांवरून वाद होऊन सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली अशा पुराव्याबरोबर प्रमाणपत्र जोडण्याची अट पक्की केली, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्येही तशी अट आहे. तुमच्याकडे अशी डिस्क असेल तर मूळ डिस्क पाकिटासकट जपा आणि काहीही करण्याआधी वकिलाला विचारा.

लिहिणाऱ्या माणसांच्या घरात आणखी एक ऐवज निघेल: श्रीलिपी, आकृती किंवा आयएसएमसारख्या सॉफ्टवेअरमध्ये टंकलेलं जुनं लिखाण. कवितासंग्रहाचं हस्तलिखित, कुलवृत्तांत, संस्थेची स्मरणिका. त्या काळच्या बऱ्याच फायली युनिकोडमध्ये नाहीत. नव्या कॉम्प्युटरवर उघडल्या तर अक्षरांऐवजी भलतीच चिन्हं दिसतात. फाइल बिघडली असं समजून पुसू नका. जुन्या यंत्रावर तो फाँट असेल तर फाँटची फाइलही बरोबर घ्या, पीडीएफ करून ठेवा, आणि फाँट बदलून देणारी साधनं वापरून मजकूर युनिकोडमध्ये आणा. इथेही जुना कॉम्प्युटर विकायच्या आधीच हात घालायला हवा, कारण फाँट आणि सॉफ्टवेअर दोन्ही त्याच्यातच बसलेली असतात.

उतरवलेलं ठेवायचं कुठे? १ टीबीच्या हार्ड डिस्कवर भरगच्च अशा दोनशे डीव्हीड्या मावतात, म्हणजे सगळ्या खानदानाचं काम होईल. पण प्रती दोन करा आणि दुसरी दुसऱ्या घरी ठेवा, भावाकडे किंवा मुलीकडे. एकच हार्ड डिस्क पडली तर सगळं एकदमच जातं. पेन ड्राइव्ह ने-आण करायला ठीक, वर्षानुवर्षं साठवायला नाही. गूगलवरची फुकटची १५ जीबी जागा तीन डीव्हीड्यांत भरते, आणि दोन वर्षं न वापरलेलं खातं गूगल बंद करू शकतं. वडिलांच्या नावाच्या, कुणीच न उघडणाऱ्या खात्यात घरची एकमेव प्रत ठेवू नका. मुलं अमेरिकेत असतील तर त्यांना डिस्क पाठवण्यापेक्षा फाइल द्या. आपल्याकडची डिस्क ‘पाल’ या व्हिडिओ-पद्धतीची असते, तिकडचे बरेच प्लेअर ती घेत नाहीत.

ही कामं चालू असताना घरातलं एखादं वडीलधारं माणूस जवळ बसवून घ्या. लग्नाच्या पंगतीत कोण कोण आहे, करवली कुणाची, मागे उभा असलेला फेट्यातला माणूस कोण, हे विचारून त्याच फोल्डरमध्ये एका साध्या फाइलमध्ये लिहून ठेवा. चित्रण उतरवून देणारे पैसे देऊन मिळतात, ही नावं सांगणारी माणसं मिळत नाहीत.

कायमचा ड्राइव्ह कुणी घ्यावा? घरात दीर्घ आजाराचा पेशंट आहे, वकिली किंवा डीटीपीचं काम आहे, किंवा नाटका-सिनेमांचा मोठा संग्रह आहे, अशांनी बाहेरचा यूएसबी ड्राइव्ह जरूर घ्यावा. बाकीच्यांना तो वर्षातून चार दिवस लागेल. म्हणून सोसायट्यांना, ज्येष्ठ नागरिक संघांना आणि गावोगावच्या सार्वजनिक वाचनालयांना मी आवाहन करतो: एक चांगला ड्राइव्ह संस्थेच्या पैशातून घ्या आणि पुस्तकासारखा नोंद करून आठवडाभर घरी द्या. वाचनालयांच्या कपाटात पुस्तकांबरोबर आलेल्या आणि व्याख्यानमालांच्या सीड्या पडलेल्या असतात, त्यांचंही काम त्याच ड्राइव्हने होईल. कॉलेजातली दोन मुलं शनिवारी संध्याकाळी बसवली तर ज्यांच्या घरी कॉम्प्युटरच नाही तेही आपली डिस्क घेऊन येतील, पेन ड्राइव्हवर घेऊन जातील. प्रत नीट तपासून झाल्यावरही घरच्या डिस्क ठेवता आल्या तर डब्यात उभ्या, अंधाऱ्या आणि थंड जागी ठेवा. टाकायच्याच असतील तर जाळू नका, ई-कचऱ्यात द्या. आणि ज्यांवर दवाखान्याचे किंवा बँकेचे कागद असतील त्यांची वरची बाजू खिळ्याने खरवडून, कात्रीने दोन तुकडे करून मगच द्या.